पाठीवरचा भोपळा

आमच्या पूर्णाकाठच्या गावात पोहणं शिकायचं म्हणजे पाठीवर वाळला भोपळा बांधायचा अन् विहिरीत उडी मारायची. हातपाय चालू लागले की तो सोडून दुसऱ्या पोट्ट्याले द्यायचा. एकदा सोडलेला भोपळा पुन्हा बांधला, तर गावभर 'भोपळ्या' नाव पडे. ते लग्नाच्या पंगतीतही सुटत नसे. मी तिसरीत शाळा सोडली, त्याच उन्हाळ्यात भोपळाही सोडला. शाळा काही आठवत नाही, विहीर आठवते. हिरवं थंड पाणी, अन् वरून मुटका मारला की काठावर बसलेले ओले होत. आता ती बुजली. वर सोयाबीन उभं असते.

पुरातली पूर्णा मी पोहून पार केली, हे लग्न झाल्यापासून बायकोले सांगत आलो. ती नुसतं "असंन" म्हणे. बायकांनी नदीवर थांबून माणसांचं पोहणं पाहायची आमच्यात रीत नव्हती.

परवाच्या दिवाळीत नातीनं आम्हा दोघांले मालवणले नेलं. तिथं लांबट पिवळी रबरी होडी पाहिली. मोटारबोट तिले ओढत नेते, अन् शेवटी मुद्दाम उलटवून साऱ्यांले पाण्यात पाडते. मले तेच पायजे होतं. बायको काठावरून पाहीन अन् 'असंन' म्हणणं बंद करीन.

बोटवाल्यानं नारिंगी जॅकेट पुढं केलं.

"आजोबानू, ह्या घाला."

"मले पोहता येते."

"येत आसात. पण जॅकेटाबिगर बसूक गावचा नाय."

हातात घेऊन पाहिलं. फुगीर, हलकं. भोपळाच तो.

"हा मी साठ वर्षांमागं सोडला, भाऊ."

त्याले काही समजलं नाही. नात म्हणाली, "आबाजी, सारे थांबले ना." मी वाळूत बसलो. नाही म्हणजे नाही.

बायको उठून आली. माझ्या हातातलं जॅकेट घेतलं अन् बोटवाल्याले म्हणाली, "मले बांधून दे बाप्पा. हे नाही जात त मी जातो."

ती जन्मात गुडघ्यावरच्या पाण्यात गेली नव्हती.

"तुले पोहता कुठं येते वं?"

"म्हणून त बांधून राहिलो. तुमी बसा इथंच. तुमचं पोहणं मी आजवर आयकूनच राहिलो."

ती होडीवर बसलीही. होडी उलटणार हे मले माहीत होतं, तिले नाही. मी दुसरं जॅकेट मागितलं. पट्टे बोटवाल्यानं आवळले, मी दुसरीकडं पाहत होतो.

खोल पाण्यात होडी उलटली. बायकोनं माझा दंड असा धरला की नखं रुतली. खोकली, नाकातोंडातलं पाणी काढलं. मग तिले कळलं की आपण बुडत नाही.

"सोडा," ती म्हणाली. धरून तीच होती.

"पाय मार," मी म्हटलं. "पाय वर ठेव. हात कुत्र्यावानी चालव."

तिनं चालवले. हातभर पुढं गेली, मग आणखी हातभर. मी मागं राहून सांगत होतो. पुरात कसं पोहलो ते दाखवायचं राहूनच गेलं. बोटवाला आम्हाले वर घ्यायले आला, त बायको त्याले म्हणाली, "थांब ना जरासाक. घाई काहून करतं?"