लाभ, दोन, तीन

नव्वदच्या दशकातल्या एका जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कऱ्हाटीत माझ्या थोरल्या मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात महिनाभरात कामाला लागला. शब्द परतले नाहीत.

मामा गावचे मापारी; गाव त्यांना आबा म्हणे. खळ्यावर धान्याची रास तयार झाली की ती पायलीने मोजून द्यायची, हे त्यांचं काम. मोजणी मोठ्याने करावी लागे, कारण वाटेकरी दोन्ही बाजूंना बसून ऐकत. मुका मापारी कोण बोलावणार? ज्वारीची मळणी तोंडावर आली होती आणि मामा रोज सकाळी लोखंडी पायली पुसून मांडीवर घेऊन बसत. त्यांना मापायचं होतं. घरात हे सगळ्यांना कळत होतं.

'हां' आणि 'न्हाय' हे दोन शब्द त्यांच्याकडे शिल्लक होते, पण त्यांच्या जागा पक्क्या नव्हत्या. चहा विचारला की ते "न्हाय" म्हणत आणि कपासाठी हात पुढे करत. एकदा जेवायच्या वेळी त्यांनी ताटाकडे बोट दाखवून स्पष्ट आवाजात "बैल" मागितला.

"बैल सांजच्याला," मामी म्हणाल्या. "आता भाकरी खावा."

फेब्रुवारीत मी त्यांना बारामतीला दवाखान्यात नेलं. मामी बरोबर होत्या. डॉक्टर तरुण होते, मुंबईहून नुकते आलेले. त्यांनी पेन दाखवलं, घड्याळ दाखवलं. मामांना एकाचंही नाव सांगता आलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, "बाबा, एकपासून मोजा बघू."

मामा ताठ बसले. "लाभ, दोन, तीन, चार..." वीसपर्यंत न अडखळता गेले.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि मला म्हणाले, "बाकी उत्तम आहे. फक्त 'एक' हा शब्द गेलाय. त्या जागी भलताच येतोय."

"भलता न्हाय," मामी म्हणाल्या. "बरूबर हाय त्यांचं. धान्य मापताना पयल्या मापाला एक कोन म्हनतं? लाभच म्हनत्यात. तुमीच खोडा तुमचं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी खोडलं.

मग त्यांनी समजावलं. वस्तूचं नाव शोधून काढणं हे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूचं काम, आणि मामांच्या त्याच बाजूला इजा झाली होती. तोंडात घोळून घोळून पाठ झालेलं बोलणं मात्र अशा इजेतूनही पुष्कळदा वाचतं. आकडे, वार, आरत्या, शिव्या.

"शिव्या वाचल्यात," मामी म्हणाल्या. "काल मलाच दिली की."

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "सातनंतर किती?" मामांचं तोंड उघडं राहिलं. आठ येईना. थोड्या वेळाने त्यांनी लाभपासून सुरुवात केली आणि आठवर येऊन थांबले. मध्येच शिरता येत नाही, सुरुवातीपासूनच यावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले.

पहिलं खळं शेजारच्या दोघा भावांचं होतं. थोरला शेती करी. धाकटा इंदापूरला खताच्या दुकानात होता आणि वाटणीपुरता आला होता. मामा अजून मोजतात हे मामींकडून ऐकून थोरल्याने त्यांना बोलावलं. धाकटा म्हणाला, "दादा, ज्याला बायकूचं नाव सांगता येईना, त्यो रास मापनार? काटा आनतो मी."

"काट्यावर तुझं खत जोख. रास आबाच मापतील. चुकलं तर फुडं गावात कुनी बोलावनार न्हाय, ते त्यांनाबी ठावं हाय."

मामा राशीपुढे बसले. मी वहीत दर पायलीला एक रेघ ओढत होतो. "लाभ." पायली पोत्यात रिकामी झाली. "दोन." एकोणतीसपर्यंत एका लयीत गेलं. मापाऱ्याशी मापताना बोलायचं नसतं. धाकट्याने विचारलं, "आबा, पोतं बदलायचं का?"

मामा थांबले. भरलेली पायली हातात, तोंड उघडं. तीस येईना.

"गेला हिशेब," धाकटा म्हणाला. "सांगत नव्हतो?"

मामांनी पायली छातीशी धरली आणि ती न हलवता सुरुवात केली. "लाभ, दोन, तीन..." इतक्या वेगाने की शब्द एकमेकांवर चढत होते. एकोणतिसाला वेग कमी झाला. "तीस," म्हणाले आणि पायली पोत्यात ओतली. माझ्या वहीत ती तिसावी रेघ होती.

एकावन्नला थोरल्याला शिंक आली. मामा पुन्हा लाभपासून बावन्नपर्यंत आले. या वेळी जास्त वेळ लागला आणि मामींचा धीर सुटला.

"आता जो बोलंल न्हायतर शिंकंल, त्याच्या तोंडात कडबा कोंबीन!"

मामा पुन्हा थांबले. या खेपेला बोलल्या होत्या मामीच. मामांनी त्यांना एक शिवी दिली, अगदी स्वच्छ उच्चारात, आणि लाभपासून त्रेपन्नपर्यंत आले. पुढे कोणी बोललं नाही. चौऱ्याहत्तर पायल्या झाल्या आणि ओंजळभर ज्वारी उरली. वहीत चौऱ्याहत्तर रेघा होत्या.

धाकट्याने वही मानली नाही. त्याने पोती पुन्हा ओतली आणि स्वतः मापायला बसला. पहिल्या खेपेला चाळिशीतच तो विसरला. दुसऱ्या खेपेला चौऱ्याहत्तर पायल्या आणि ओंजळभर ज्वारी भरली.

त्या हंगामात मामांनी नऊ खळी मापली. नववं इंदापूर तालुक्यातलं होतं, धाकट्याच्या सासऱ्याचं.