दाताची खूण

ऑर्व्हल टॅकेटनं भाजलेल्या बरगड्यांचं मांस हाडावरून आपोआप सुटायचं. आमच्या कोल्बर्न गावात लोक याच गोष्टीसाठी त्याला डोक्यावर घेत, आणि मी याच गोष्टीसाठी त्याला शिव्या घाली. मी अकरा वर्षं टेनेसीभर स्पर्धांमध्ये डुकराचं मांस भाजत हिंडलोय. परीक्षकाला लगदा नको असतो. त्यानं चावा घेतला की तेवढंच मांस निघावं, दाताची खूण स्वच्छ दिसावी, बाकीचं हाडाला धरून राहावं. हे मी ऑर्व्हलला शंभरदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

कारण त्याचा परीक्षक घरातच होता. चार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, व्हर्नेलला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, चावणं गेलं, बोलणं ‘हो’ आणि ‘नको’वर आलं. तेव्हापासून भट्टीतलं पहिलं हाड तिचं. तिनं त्यावरचं मांस जिभेनं चुरून गिळलं, की बरगड्या झाल्या.

स्पर्धेचं खूळही तिचंच. पेपरातली जाहिरात तिनं डाव्या हातानं फाडून त्याच्या ताटाखाली सरकवली. पहिल्या दहा जणांची नावं मैदानात भोंग्यावरून पुकारतात, ते तिला ठाऊक होतं.

“तिला माझं नाव ऐकायचंय, डेल,” ऑर्व्हल मला म्हणाला. “चार वर्षांत दुसरं काही मागितलं नाही तिनं.”

म्हणून मी माझ्या गाडीनं त्याची चाकांवरची भट्टी मैदानावर ओढून नेली. व्हर्नेलही बरोबर होती. साडेदहाला बरगड्यांना बोट लावून पाहिलं. इतक्या नेमक्या मी स्वतःसुद्धा क्वचितच भाजल्या असतील.

“उतरव,” मी म्हणालो. “बाराला परीक्षकांना डबा द्यायचाय. आता आणखी शिजवू नकोस.”

त्यालाही पटलं. कडेचं एक हाड कापून त्यानं व्हर्नेलला दिलं. तिनं बराच वेळ घास तोंडात घोळवला. मग तो जिभेनं बाहेर ढकलला आणि तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते.

“नको,” ती म्हणाली.

ऑर्व्हलनं सगळ्या बरगड्या परत भट्टीत ठेवल्या.

“अरे लेका, त्या परीक्षकांना दात आहेत!”

“तिला चावता येत नाही.”

“मग तिच्यापुरतं ठेव आत! बाकीचं काढ!”

“जे तिला जात नाही, ते माझ्या नावावर कशाला द्यायचं?”

मी त्याच्या हातून झाकण हिसकावून घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. याची लाज मला अजून वाटते.

बाराच्या आत व्हर्नेलनं तीन हाडं संपवली. हनुवटीवर सॉस, चेहरा सणासारखा. ऑर्व्हल सहा परीक्षकांसाठी सहा हाडं डब्यात मांडू लागला. पहिलंच उचललं तर मांस खाली डब्यात अंथरलेल्या हिरव्या पानांवर आणि नुसतं हाड हातात. त्यानं ते मांस बोटांनी पुन्हा हाडावर बसवलं.

दुपारी नावं पुकारली, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत. दर वेळी व्हर्नेल टाळीऐवजी मांडीवर थाप मारायला डावा हात उचलायची आणि परकं नाव ऐकून खाली ठेवायची. पहिल्या नंबरवाल्यानं ढाल नेली, लोक खुर्च्या मिटू लागले, तरी तिचा हात वरच होता.

ऑर्व्हल निकालाचा कागद घेऊन आला. त्यानं तो मला दाखवला. बेचाळिसांत बेचाळिसावा. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि तिच्या चाकाच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला.

“पुकारलं बरं का, व्हर्नेल. आठवा आलो. तुझा जरा डोळा लागला होता.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. चार वर्षांत तिच्या तोंडून मी अख्खं वाक्य ऐकलं नव्हतं.

“मी झोपले नव्हते,” ती म्हणाली.

ऑर्व्हल मान खाली घालून तिच्या हनुवटीवरचा वाळलेला सॉस पुसत राहिला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण त्यांची भट्टी माझ्याच गाडीला जोडलेली होती.