भाऊजी आणि हातभर लांब स्क्रूड्रायव्हर

माझे धाकटे दीर पंपांच्या कारखान्यात सदतीस वर्षं होते. तयार पंप चालू करायचा, हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, "पाठवा" किंवा "खोला". एवढंच काम.

निवृत्तीनंतर त्यांनी मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांचा फ्रिज, सगळ्यांना स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला. दोन वर्षांत जाऊबाई टेकीला आल्या. त्यातच भाऊजींना कमी ऐकू येऊ लागलं, आणि ते कबूल करतील तर ते भाऊजी कसले!

एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला कारखान्याचे नवे मॅनेजर घरी आले. नव्या यंत्राने पास केलेले पंप गिऱ्हाइकांकडून परत येत होते, म्हणून जुन्या माणसांना पुन्हा बोलवायचं ठरलं होतं. मी तिथेच वाटाणे सोलत होते.

मॅनेजरचा आवाज फार मऊ. "काका, अर्धा दिवस आलात तरी चालेल."

भाऊजी गंभीरपणे कॅलेंडरकडे पाहत राहिले. त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं.

"बरं, आठवड्यातून चारच दिवस." भाऊजी गप्प. "गादीची खुर्ची देऊ. दुपारी आडवं व्हायला खोली." तरी गप्प. मॅनेजरनी घाम पुसला. "न्यायला-आणायला गाडी!"

मी सांगायला तोंड उघडलं, तर जाऊबाईंनी माझा पाय दाबला. "थांबा ना ताई, अजून काय काय देतात बघू."

शेवटी मॅनेजर ओरडलेच, "काका, येणार की नाही?"

"न यायला काय झालं?" भाऊजी म्हणाले. "तुम्ही विचारतच नव्हता!"

पण अर्जात श्रवणशक्तीचा रकाना होता, आणि पुढे डॉक्टरांची तपासणी. संध्याकाळी भाऊजी अर्ज घेऊन माझ्याकडे आले.

"वहिनी, तिथे 'उत्तम' लिहा."

"खोटं नाही लिहायची मी."

"मग संपलंच. आता मरेपर्यंत मिक्सरच ऐकत बसतो."

त्यांचा चेहरा बघवेना. मी लिहिलं, "माणसांचं कमी ऐकू येतं. पंपांचं पूर्ण."

तपासणीत भाऊजी नापास झाले. मॅनेजर मात्र माझं वाक्य वाचून हसले. "पंपांचंही बघूनच घेऊ," म्हणाले. नव्या यंत्राने पास केलेले पाच पंप मांडले. लोकांचं बोलणं ओरडून सांगायला मी सोबत होते. डॉक्टरही आले.

भाऊजींनी डोळे मिटले. "पाठवा. पाठवा. खोला. पाठवा. पाठवा."

तिसरा पंप खोलला. बेअरिंगमध्ये तिळाएवढा धातूचा कण निघाला. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, स्वतःच्या हाडाला लावला आणि ते चक्रावले. "कान अधू आहे, पण हाडातून आवाज आत जातोय!" म्हणाले. मॅनेजरनी तिथेच सही केली, वर एक अट घातली: भाऊजी कामावर असताना त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही.

घरी आल्यावर ती अट ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "त्यात नवीन काय? ही सवलत घरी त्यांना लग्नापासून आहे."

"काय म्हणतेय ही?" भाऊजींनी विचारलं.

"सोमवारपासून गाडी येणार म्हणतात," मी ओरडून सांगितलं.