बाईंनी शिकवलेलं बाळंतपण

नव्वदच्या दशकात राजुऱ्याकडच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले. अहेरीहून पेटी घेऊन आलेली पोर मी. वर्ष प्रोबेशनचं, एक वाईट शेरा पडला की नोकरी धोक्यात. तिथल्या सिनिअर सिस्टरला सगळे बाई म्हणायचे. खरं सांगते, ट्रेनिंगमध्ये शिकले नाही तेवढं बाईंच्या हाताखाली शिकले.

बाळंतपणाचं टेबल पाहिलं की गावच्या बाया घाबरून घरी पळायच्या. घरी त्या आढ्याचा दोर धरून उकिडव्या बसून बाळंत व्हायच्या. म्हणून बाईंनी खोलीतल्या हुकाला जुनं लुगडं बांधलं होतं, खाली रबरी कापड आणि धुतलेली चादर. "झोपवू नको पोरी. बसू दिलं तं येतीन, नाई तं पळतीन," असं त्या मला सांगायच्या. मी तसंच करू लागले आणि बाया खरंच यायला लागल्या.

एका सकाळी जिल्ह्याचे साहेब न सांगता आले. नदीवर मासे धरणाऱ्या घरातली एक सून हुकाचं लुगडं धरून उकिडवी बसली होती आणि मी तिच्यापुढे गुडघ्यावर. पोरगी सुखरूप झाली, खणखणीत रडली. साहेबांचं तिकडे लक्षच नाही. हा काय गावठीपणा, कोणी शिकवलं, म्हणून माझ्यावरच खेकसले. मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, आता बोलतील.

"मले नाई माहीत साहेब," बाई म्हणाल्या. "मी तं टेबलावरच करतो."

वर आजकालच्या पोरी ऐकतात कुठे, हेही म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांचं नाव मी घेतलं नाही. शेरा पडला, प्रोबेशन वाढलं, बदली जिवतीच्या डोंगरात. हुकाला बांधलेलं लुगडं बाईंनी स्वतः सोडलं.

निघताना त्यांच्या क्वार्टरवर गेले. त्यांनी चहा टाकला, प्रवासाला चिवडा बांधून दिला. वर मलाच म्हणाल्या, तू लहान आहेस, तुला सांभाळून घेतील, माझं रिटायरमेंट तोंडावर आलंय.

"ते जाऊ द्या बाई," मी म्हटलं. "तुमीच शिकवलं मले, येवढं एकदा म्हना."

बाई उठल्या. बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं, दार लावलं, मग हळूच म्हणाल्या, "शिकवलं ना, पोरी."

मी चहा तसाच ठेवला आणि दार सताड उघडं टाकून निघाले.