बाहेरून लावलेली कडी

माझ्या कवितासंग्रहावर आलेल्या पहिल्याच परीक्षणानं माझ्या सासूला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

परीक्षण तसं कौतुकाचंच होतं. निपाणीच्या एका प्राध्यापकांनी रविवारच्या पुरवणीत ते लिहिलं होतं, फोटोही बरा आला होता. पण संग्रहात एक कविता होती: दुपारी सासू बाहेरून कडी लावते आणि आत सून कागद घेऊन बसते, एवढीच. प्राध्यापकांना त्यात कोंडलेल्या स्त्रीचा हुंदका ऐकू आला, आणि तो त्यांनी वाचकांनाही पोटभर ऐकवला.

आता खरं काय ते सांगते. बेळगावजवळच्या आमच्या गावात दुपारी दार उघडं दिसलं की बायका येतात, चहा होतो, सगळ्या गल्लीची उजळणी होते. मी लिहिते हे कळल्यावर सासूनंच ही युक्ती काढली. मी त्यांना आत्ती म्हणते. मला खोलीत बसवायचं, बाहेरून कडी घालायची आणि कुणी विचारलं तर सांगायचं, "बेळगावला गेलीया." सून घरात बसून कविता करते हे सांगायची त्यांना लाज वाटायची, हा भाग वेगळा. पण माझा अख्खा संग्रह त्या कडीआड लिहून झाला.

आत्ती डेअरीत दूध घालायला गेल्या, तर तिथं एकीनं विचारलं, "सुनंला कोंडून घालतीस म्हणं, आक्का? पेपरात आलंय." घरी येऊन त्यांनी किटली आपटली. "आता तुझं तू बघ. कडीला मी हात लावनार न्हाय."

मी समजावलं, समीक्षक लोकांना साधं दार दिसतच नाही, तो त्यांचा धंदाच आहे. उपयोग झाला नाही. दुपारी दार सताड उघडं, बायका हजर आणि माझी एक ओळ पुढं सरकेना. त्याहून वाईट म्हणजे आत्ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. मला ते फार लागलं.

अशात गावचं साहित्य संमेलन आलं. आमच्या भागात गावोगावी संमेलनं भरतात आणि पाहुण्यांचं जेवण गावातल्याच एखाद्या घरी असतं. यंदा अध्यक्ष म्हणून कोण यावेत? तेच प्राध्यापक. आणि जेवण, कवयित्रीचं घर म्हणून, आमच्याकडे.

"न्हाय म्हणून कळवू?" मी आत्तींना विचारलं.

"पावन्याला न्हाय म्हनत्यात व्हय?" म्हणाल्या आणि वांगी चिरायला बसल्या.

ग्रंथदिंडी उरकून प्राध्यापक घरी आले. आत्तींनी भरली वांगी वाढली, भाकरीवर लोणी घातलं, नको नको म्हणेपर्यंत आग्रह केला. प्राध्यापक अगदी विरघळले. "इतक्या मायेनं वाढताय," ते म्हणाले, "तुम्ही यांच्या आई ना?"

"सासू," आत्ती म्हणाल्या. "कोंडून घालनारी."

प्राध्यापकांचा घास हातातच राहिला. मग आत्तींनी कडीची सगळी हकिगत सांगितली, आवाज न चढवता, मध्येमध्ये भात वाढत.

माणूस मनानं सरळ निघाला. दुपारी मांडवात लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवून त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, आपण न विचारता काय काय लिहून बसलो तेही. बायकांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. आत्ती पदर तोंडाला लावून हसत होत्या. मध्येच त्यांनी मला कोपरानं ढोसलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

अडचण एवढीच झाली की कडीचं गुपित आता गावभर झालं. दुसऱ्या दिवशी आत्तींनी आपणहून कडी घातली, तर शेजारणीनं ती खुशाल काढली आणि आत आली. "आत हाईस हे कालच कळलंय की," म्हणाली. तिघींनी चहा घेतला. आत्तींचा मान परत आला आणि माझी दुपार कायमची गेली, असं मी धरून चालले.

त्याच्या पुढच्या दुपारी आत्ती तांदूळ निवडायला सूप घेऊन दारात पाट टाकून बसल्या. दार उघडंच होतं. शेजारीण गल्लीतून वळलीच.

"सून हाय न्हवं आत, आक्का?"

"हाय," आत्ती म्हणाल्या, पार कोपऱ्यावरच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात. "कविता करतीया. सांजच्याला ये."