बाबांची टापीर

किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. त्यातून वडील प्राणिसंग्रहालयातून रिटायर झालेले असतील, तर घरात दुसरं काही साचतच नाही. आमच्या के. आर. पुरमच्या फ्लॅटमध्ये विषय मेट्रोचा निघो नाहीतर जावयाचा, तो पिंजऱ्यापाशीच येऊन थांबतो.

*

बाबा मूळचे निपाणीकडचे. कुठलंही दार उघडण्याआधी ते दोनदा टकटक करतात आणि आतल्या माणसाला नावानं हाक मारतात. लग्न होऊन पुण्याहून आलेली माझी बायको, मुग्धा, भारावून गेली. "किती मॅनर्स आहेत बाबा तुम्हाला," असं एकदा त्यांना म्हणालीही.

"मॅनर्स कसले गं," बाबा म्हणाले. "आतलं दचकलं की अंगावर येतंय."

*

नंजप्पा काका हे बाबांचे तिथले जोडीदार. अजून रविवारी इडल्या घेऊन येतात. त्यांच्याकडे ओरांगउटान होता. काका पिंजरा झाडायचे, तो बघत बसायचा. एके दिवशी मोठे साहेब पाहणीला आले, तेव्हा झाडू ओरांगउटानाच्या हातात होता आणि काका भिंतीला टेकून उभे! साहेब बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला स्वल्प ट्रेनिंग दिलं की झालं."

"आणि मी तेव्हा टेंपररी होतो," काका अजून गंभीरपणे सांगतात.

ओरांगउटान गेल्यावर कितीतरी दिवस काका रिकामा पिंजरा झाडत होते. म्हणतात, रिकामा झाडायला जास्त वेळ लागायचा.

*

बाबांकडे होती टापीर. पुढून-मागून काळी, मध्ये पांढरी, आणि सोंड हत्तीसारखी सुरू होऊन चार बोटांत संपलेली. बघायला येणारे पाटी वाचायचे नाहीत, "डुकराला चुना फासलाय" म्हणायचे. बाबांना ते फार लागायचं. ते ओला रुमाल तिच्या पाठीवर घासून सगळ्यांना दाखवायचे.

एका गृहस्थांनी तो रुमाल नीट निरखला. म्हणाले, "ऑइल पेंट असणार."

*

गेल्या वर्षी बाबा विसरायला लागले. बेळ्ळंदूरच्या डॉक्टरांनी आज वार कोणता विचारलं, तो सांगता आला नाही. काम काय करायचात म्हटल्यावर मात्र ते खुलले आणि टापिरीचं सांगत बसले. डॉक्टरांनी हळूच मला विचारलं, "असं जनावर खरंच होतं इथं?"

माझ्या जन्माआधीची गोष्ट. नंजप्पा काका नोकरीला लागले, तोवर त्या आवारात हरणं आली होती. फोटो एकही नाही. इंटरनेटवर मी शोधलं होतं, काही सापडलं नव्हतं. मी म्हणालो, "शुअर नाही."

बाबांनी ते ऐकलं. त्यानंतर महिनाभर त्यांनी टापिरीचं नाव काढलं नाही, आणि मला माझीच लाज वाटत राहिली.

*

शेवटी एका रविवारी मीच त्यांना प्राणिसंग्रहालयात घेऊन गेलो. गेटबाहेर एक म्हातारी पपईच्या फोडी विकत बसली होती. बाबांनी तिला ओळखलं नाही. तिनं मात्र सुरी खाली ठेवली आणि निपाणीकडच्याच मराठीत विचारलं,

"अण्णा, तुम्हीच न्हवं? उरलेली पपई न्यायला येत होतासा. त्या अर्ध्या पांढऱ्या जनावरासाठी."

तिनं पुढे विचारलं, "आणि तिचं पिल्लू? मागच्या दारानं नेऊन मला दाखवलासा. कलिंगडागत पट्टे होते अंगावर. जगलं काय हो ते?"

पिल्लाचं बाबांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

बाबा तिच्याशेजारी कट्ट्यावर बसले.

"अकरा दिवस, अक्का," ते म्हणाले. "दुधाची बाटली माझ्याच हातात होती."