रबरी मासोळ्यांचे काका

मुर्रीच्या तळ्यावर भेटणारे ते काका गळाला लावायच्या रबरी मासोळ्यांना काकूंपेक्षा जास्त जपतात. डब्यात एकेक सरळ निजवलेली, रंगाला रंग लागू द्यायचा नाही. उन्हाळ्यात कूलर मासोळ्यांकडे आणि काकू अंगणात!

त्या दिवशी घरी जावई यायचे होते आणि मी माशाचा शब्द देऊन बसलो होतो. माझी एकुलती मासोळी मात्र गाडीच्या डिक्कीत तापून जिलबी झालेली. पाण्यात नुसती गरगर फिरायची.

"कायले डिक्कीत कोंबली बे? मासे हासून राहिले ना!" काका ओरडले. त्यांनी ती आपल्या वाफाळत्या चहात बुडवली, मऊ होताच डब्याच्या झाकणावर सरळ केली आणि तळ्यात थंड केली. दुसऱ्याच फेकीला वासराएवढा मरळ लागला.

आनंदानं वळून पाहतो, तर काका तोच चहा फुंकून फुंकून पीत होते.